बाभळीच्या चेंडूचे चार रंग

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर चार रंग चढले आणि त्यातले तीन उतरले. चौथ्याचेही आता ठिकठिकाणी टवके उडाले आहेत. मी एक जुना लाकडी चेंडू आहे. माझ्या पोटात आरपार एक भोक आहे, त्या भोकातून लोकरीची दोरी ओवली आहे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार आहे, हातोडीसारखा दिसणारा लाकडी दांडा. त्या दांड्याला दोन बाजूंना दोन वाट्या, बुडाशी एक लहान वाटी आणि शेंड्याला टोक. मला वर उडवायचं आणि वाटीत झेलायचं, एवढाच आमचा खेळ. जपानात याला केंडामा म्हणतात. आमच्या वडगाव रासाईत आम्हा दोघांना मिळून टकटक्या म्हणतात. वाटीत बसताना मी तसा आवाज करतो ना, म्हणून.

जुना म्हटलं म्हणून मला फार म्हातारा समजू नका. वयानं मी तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा लहानच असेन. पण ज्याला तीन वेळा पॉलिश पेपरनं घासून उघडं केलं, तो लवकर जुना होतो. प्रत्येक घासणीत मी थोडा बारीक झालो आणि, माझ्याच तोंडानं सांगतो, थोडा शहाणाही झालो.

मी मूळचा भीमेकाठच्या बाभळीचा. माझी फांदी तळेगाव ढमढेऱ्याला हौसराव सुतारांच्या दुकानात आली. तिथं माझ्या भावंडांपैकी कुणी लाटणं झालं, कुणी बाजेचा पाय झालं. मीही बहुधा लाटणंच व्हायचो. पण एका गुरुवारी सुषमा तिथं आली आणि माझं नशीब फिरलं. गुरुवारी तिच्या कारखान्याला सुट्टी असते. तिनं मोबाईल काढून हौसरावांना फोटो दाखवले.

हौसरावांनी फोटो उभा धरला, आडवा धरला. "ही हातोडी हाय का ताक घुसळायची रवी?"

"खेळणं हाय, काका."

"कुणासाठी? तुला तर अजून लेकरू न्हाई."

"आमच्या मामांसाठी," सुषमा म्हणाली.

मामा म्हणजे तिचे सासरे, वडगाव रासाईचे ज्ञानूआबा. हौसराव त्यांना ओळखत होते. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, मशीनचं बटण दाबलं आणि मला गोल करायला घेतलं.

आता त्यांनी का विचारलं नाही, ते सांगतो. ज्ञानूआबांचं घराणं मेंढपाळांचं. तरुणपणी त्यांनी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत वाटा तुडवल्या होत्या. पुढं मेंढरं गेली, ऊस आणि कांदा आला, तरी गावात कुणाचं मेंढरू कातरायचं असलं की आबांनाच बोलावणं यायचं. उजव्या हातानं ते धडधाकट मेंढा असा उलटा करायचे की त्या मेंढ्यालाही कळायचं नाही. आदल्या वर्षी दिवाळी सरली आणि ध्यानीमनी नसताना आबांच्या अंगावरून वारं गेलं. जीभ परत आली, पाय परत आला, पण उजवा हात काही मनासारखा परत आला नाही. दौंडच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "हात वापरा बाबा. वस्तू उचला, खांद्यापर्यंत न्या. नाहीतर तो असाच आखडून जाईल." त्यांनी दाबायला एक रबरी चेंडूही दिला. आबांनी तो कुत्र्याला दिला.

खरं दुखणं हाताचं नव्हतं, जेवणाचं होतं. डाव्या हातानं अन्न खायचं आबांना पटेना. उजवा तोंडापर्यंत जाईना. मग त्यांची कारभारीण गिताबाई त्यांना घास भरवायची. पण तेही कसं, तर आतल्या खोलीत, दार लावून. मुलानं, शंभूनं पाहू नये, शेजाऱ्यानं पाहू नये, आणि सुनेनं तर मुळीच पाहू नये. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला त्यांच्याकडे खंडोबाचा नैवेद्य असतो, सगळी भावकी पंगतीला येते. त्या वर्षी आबा पोट दुखतंय म्हणून आत जाऊन निजले. बाहेर पंगती उठल्या आणि आत गिताबाई रोडगा कुस्करत बसली. सुषमानं त्या बंद दाराबाहेर वाढपाची परात हातात धरून ते सगळं ऐकलं होतं.

सासऱ्याला सुनेनं घास भरवायचा, ही गोष्ट त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आली नसती. सुषमाच्याही नाही. मग तिनं करावं काय? ती कारखान्यात रंग खात्यात आहे. गाड्यांच्या भागांवर रंग नीट बसला की नाही, हे बघायचं तिचं काम. तिथं जपानहून आलेले एक साहेब चहाच्या सुट्टीत हे खेळणं खेळायचे. मनगट, कोपर, गुडघे आणि डोळे, सगळं एका वेळी कामाला लागतं हे तिनं पाहिलं आणि तिला आबांचा हात आठवला. साहेबांना मराठी येत नव्हतं, हिला जपानी. दोघांनी खुणांवर भागवलं. साहेबांनी खेळणं तिच्या हातात दिलं, तिनं पट्टीनं मापं घेतली आणि वाट्या मात्र मनानंच दुप्पट मोठ्या करायच्या ठरवल्या.

असा मी जन्मलो. आणि जन्मतःच देखणा होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हौसरावांनी मी फिरत असतानाच लाखेची लाल कांडी माझ्या अंगावर दाबली. लाख वितळली, पसरली आणि मी लालभडक, आरशासारखा झालो. हा माझा पहिला रंग.

घरी आल्यावर उंबऱ्यातच गिताबाईनं मला अडवलं. नवी वस्तू घरात आली की तिला देवाचा भंडारा लावायचा, ही तिची रीत. तिनं ट्रॅक्टरला लावला होता, फ्रिजला लावला होता, शंभूच्या नव्या मोबाईललाही लावला होता. तो मोबाईल पुढं दोन दिवस हळदीचा वास मारत होता. तिनं चिमूटभर भंडारा माझ्या कपाळावर टेकवला. मला कपाळ नाही, पण तिनं ते शोधून काढलं. मी इतका गुळगुळीत होतो की भंडारा माझ्यावर ठरलाच नाही. वाऱ्याची झुळूक आली आणि सगळा उडून गेला. गिताबाईनं ते नीट पाहून ठेवलं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सुषमानं आबांना "खेळा" म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मीही कुत्र्याकडेच गेलो असतो. ती अंगणात त्यांच्यासमोर स्वतःच खेळत बसली, आणि मुद्दाम नव्हे, खरोखरच वाईट खेळली. मी तिच्या नाकावर आपटलो, कपाळावर आपटलो. घोंगडीवर बसलेल्या आबांना ते बघवेना.

"आगं पोरी, आसं न्हाई. हिसका कशाला देती? कोकरू उचलल्यावानी उचल. अलगद."

"मला न्हाई जमत मामा. तुम्ही दावा."

आबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उजव्या मुठीत दांडा धरला, त्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू दिला आणि मला वर उडवलं. मी उडालो, वाटीच्या काठावर टेकलो आणि घसरलो. पुन्हा उडालो, पुन्हा घसरलो. माझा दोष नव्हता हो. लाखेच्या अंगाला धरायला काही नव्हतंच. दिसतं तसं नसतं म्हणतात ते माझ्याबाबतीत अगदी खरं होतं. आबा घोंगडीवर खाली बसलेले, दोरी लांब, त्यामुळे झेल चुकला की मी थेट जमिनीवर. असं पुष्कळदा झाल्यावर आबांनी दांड्यासकट मला भिंतीवर भिरकावलं. दोरी तुटली. मी गोठ्यात गेलो आणि शेळीनं मला चाटून बघितलं.

"मेलेल्या हाताची थट्टा करतंय," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वेळी मला माझ्या लाल रंगाची पहिल्यांदा लाज वाटली.

सुषमानं मला शेणातून काढलं, धुतलं. गिताबाईनं फळीवरून लोकरीची एक जुनी दोरी काढून दिली. ती आबांनीच कधीकाळी स्वतः कातलेली होती. तीच आजही माझ्या पोटातून गेली आहे.

दुसरा रंग मला कोरेगाव भीमाला मिळाला. तिथं हायवेच्या कडेला आण्णा नावाचे पेंटर गाड्या रंगवतात. त्यांनी एका टेम्पोच्या बंपरशेजारी मला तारेला लटकवलं आणि त्याच्यासोबत माझ्यावरही चकाकीचा क्लिअर कोट मारला. "बंपरला गाडी धडकली तरी उखडणार न्हाई," ते म्हणाले. उखडला नाही हे खरं. पण हा रंग मोठा लहरी निघाला. सकाळच्या गारव्यात तो लाखेसारखाच निसरडा असायचा. दुपारी ऊन लागून तापला की जरासा चिकट व्हायचा आणि मी वाटीत छान बसायचो. संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आबा दुपारी खूश आणि दिवे लागताना कडू. गिताबाईचा चिमूटभर भंडारा याही वेळी माझ्यावर टिकला नाही.

"ह्याला इमान न्हाई," आबांनी निकाल दिला, आणि मला जनावरांच्या हौदात टाकलं. हौदातल्या पाण्यावर तरंगता तरंगता मी वरचं आभाळ बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाभळी, तू बरी होतीस.

मग सुषमा इरेला पेटली. शिरूरच्या दुकानातून तिनं अवजारांच्या मुठींना लावतात तो रबराचा रंग आणला. हा माझा तिसरा रंग, काळा. मित्रांनो, अति तिथं माती म्हणतात ती माझ्यावर अक्षरशः जमली. माती, भुसा, शेळीचे केस, कांद्याची सालं, जे दिसेल ते मला चिकटायचं. गिताबाईचा भंडाराही चिकटला, पण त्यावर लगेच इतका धुरळा बसला की संध्याकाळी तो शोधूनही सापडेना. मात्र वाटीत मी असा बसायचो की दांडा उलटा केला तरी पडायचो नाही. आबांनी मला उडवलं, मी बसलो. उडवलं, बसलो. शंभूनं टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. "आबा, आता तुमी चँपियन झाला बघा!"

आबांनी या वेळी मला फेकलं नाही. त्यांनी मला खुंटीला अडकवलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"काय झालं मामा?" सुषमानं विचारलं. "आता तर सारखा बसतुय."

"त्यो बसतुय," आबा म्हणाले. "म्या कुठं बसीवतुय? हितं बी भरीवल्यावानीच हाय."

सुषमा तिथून उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं चुलीपुढं पदर डोळ्यांना लावला. खुंटीवरून मला ते दिसत होतं. भिंतीवर आपटलो तेव्हा लागलं नव्हतं इतकं मला त्या संध्याकाळी लागलं. आबांच्या लेखी मी त्यांना मदत करत नव्हतो, मी त्यांची कीव करत होतो.

पण ती हरणारी नव्हती. पुढच्या गुरुवारी तिनं मला तिसऱ्यांदा घासलं. निसरडाही नको आणि चिकटही नको, असा रंग तिला हवा होता. थोडी पकड रंगानं द्यावी, उरलेली आबांच्या हातानं कमवावी. शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी तिनं बिनचकाकीचा क्लिअर घेतला, त्यात रबराचा रंग अगदी नावाला मिसळला आणि माझ्यावर पातळसा हात फिरवला. हा रंग सावकाश वाळतो. दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवला नव्हता. त्याच्याच शेजारी, पडवीच्या वाशाला तिनं मला टांगलं.

"आत्याबाई, ह्याला दोन दिस हात लावू नका," तिनं सासूला सांगितलं आणि कंपनीची बस पकडायला गेली.

गिताबाईनं मान हलवली. मग ती माझ्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं पुढं सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. तिचा हिशेब असा होता. सुनेनं तीन रंग दिले, तिन्ही फसले. का फसले? पहिल्यावर भंडारा ठरला नाही, दुसऱ्यावर ठरला नाही, तिसऱ्यावर मातीत गेला. म्हणजे देवानं वस्तू पदरात घेतलीच नाही, मग ती गुण कशी देणार! चूक रंगाची नव्हतीच. चूक तिच्या चिमटीची होती.

तिनं देव्हाऱ्यातली कोटंबी, म्हणजे भंडाऱ्याची लाकडी वाटी, आणली. वस्तूला हात लावायचा नाही हे तिनं पाळलं, दोरीलाच धरलं. आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत मूठभर भंडारा माझ्यावर उधळला. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. मला फिरवून फिरवून मागून पुढून आणखी दोन मुठी उधळल्या. मी ओला होतो, मित्रांनो. कण न् कण माझ्या अंगात रुतला. ती मागं सरकली, हात जोडले आणि प्रसन्न हसली. या वेळी वारा आला तरी काही उडालं नाही.

संध्याकाळी सुषमा घरी आली. पिवळाधमक मी पडवीत डोलत होतो. तिनं डबा खाली ठेवला, मला बोट लावून पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज सासूवर चढला.

"आत्याबाई, काय केलं हे? म्या सांगितलं व्हतं ना! सगळा रंग नासला! सगळी मेहनत पाण्यात गेली!"

"म्या हात न्हाई लावला गं," गिताबाई चाचरली. "देवाचं नाव घिऊन उधळला. वाईट व्हावं म्हणून उधळला व्हय?"

"देवाचं नाव रंग वाळल्यावर घ्यायचं!"

गिताबाईनं कोटंबी उचलली आणि ती आत गेली. त्या रात्री घरात भाकरी झाल्या पण बोलणं झालं नाही. सुषमा कूस बदलत होती. तिला रंग नासल्याचं दुःख होतं आणि आपण बोललो त्याचं त्याहून जास्त. मी दोघींच्या मध्ये टांगलेला. माझ्यामुळं घर फाटतंय की काय, या भीतीनं मला माझं पिवळं अंग नकोसं झालं.

माझं अंग वाळल्यावर, पुढच्या गुरुवारी सकाळी सुषमा पॉलिश पेपर घेऊन बसली आणि तिनं मला वाशावरून काढलं. घोंगडीवरून आबा म्हणाले, "काय करती?"

"घासून काढते मामा. पुन्यांदा रंग देते."

"भंडारा घासून काढणार?" आबांचा आवाज असा काही बदलला की तिचा हात थांबला. "काय बोलती तू पोरी? आन इकडं."

तिनं मला त्यांच्या हाती दिलं. आबांनी मला उजव्या मुठीत फिरवून पाहिलं. माझं अंग आता वाळूच्या बारीक कणांसारखं खरखरीत झालं होतं. त्यांनी मग दांडा धरला, डाव्या हाताचा टेकू दिला आणि मला उडवलं. मी वाटीच्या काठावर टेकलो, जरासा थांबलो, आणि पडलो. पण मधे मी जरासा थांबलो होतो, हे आबांना कळलं. मलाही कळलं.

मी जमिनीवर पडलो होतो. एरवी आबा मला दोरीनं ओढून घ्यायचे, नाहीतर डाव्या हातानं उचलून आपटायचे. पण जमिनीवर आता चेंडू पडला नव्हता, भंडारा पडला होता. तो भिरकावता येत नव्हता. डाव्या हातानं उचलता येत नव्हता. आणि उचलल्यावर नुसता मांडीवर ठेवताही येत नव्हता. आबांनी दांडा मांडीवर ठेवला. उजवा हात पुढं केला. बोटं थरथरत माझ्याभोवती मिटली. मग तो हात उठला, छातीपर्यंत आला, अडला, थरथरला, आणि आबांनी मान पुढं झुकवून त्याला उरलेली वाट कमी करून दिली. मी त्यांच्या कपाळाला लागलो.

"चुकलो देवा," आबा पुटपुटले, आणि पुन्हा मला उडवलं.

सुषमा पॉलिश पेपर हातात धरून तशीच बसून राहिली. मी पुन्हा पडलो, पुन्हा तो हात मला घेऊन कपाळापर्यंत गेला. दौंडच्या मॅडमनी इतक्या वेळा विनवून जे झालं नव्हतं, ते तिच्या डोळ्यांपुढं चाललं होतं. ती उठली, आत गेली, आणि सासूच्या पायांशी बसली.

"आत्याबाई, म्या लई बोलले. या, भाईर येऊन बघा."

गिताबाई दारात आली. नवऱ्याचा हात वर जाताना तिनं पाहिला आणि सुनेचा खांदा घट्ट धरला. मग डोळे पुसत म्हणाली, "आता कळलं? चिमटीनं भागत न्हाई."

तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. मी जितका वाटीत बसलो त्याच्या कितीतरी पट जास्त खाली पडलो, आणि मित्रांनो, मी खेळण्याच्या जातीत पहिलाच असेन ज्याला पडायला आवडू लागलं. जमिनीवरून कपाळापर्यंत, जमिनीवरून कपाळापर्यंत. आधी मान झुकायची, मग थोडी कमी झुकायची. एका सकाळी आबा ताठ बसले होते आणि हात आपला आपण कपाळापर्यंत आला. रंगानंही आपलं काम केलं. सुषमानं एकदा मला हातात घोळवत शंभूला सांगितलं, "लाखेवरनं घसरायचा, बंपरच्या रंगाला ऊन लागायचं, रबराला समदंच चिकटायचं. हळदीच्या कणांनी नेमकी पायजे तेवढी पकड आली बघा. कंपनीत सांगितलं तर हसत्याल मला." शंभू म्हणाला, "सांगूच नगंस. उद्या तुला भंडाऱ्याचं पोतं आणायला लावत्याल."

चंपाषष्ठी आली. भावकी जमली. देव्हाऱ्यापुढं तळी उचलली, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा नैवेद्याला गेला, आणि पडवीत पंगत मांडली. मी आबांच्या बंडीच्या खिशात होतो. माझा दांडा बाहेर डोकावत होता. शंभू हळूच जवळ आला. "आबा, आत पान मांडू का? आईला धाडतो."

आबा उठून उभे राहिले. ते चालत पंगतीत गेले आणि भिंतीशी टेकून बसले. त्यांच्या चुलतभावांनी सरकून जागा करून दिली. सुषमा वाढत होती. भरिताचा डाव तिच्याच हातात होता. तिनं वाढलं आणि ती सासऱ्यांकडे न बघता पुढं सरकली, कारण जेवताना कुणी बघितलेलं त्यांना नको असतं हे ती विसरली नव्हती. पण पुढच्या पानापाशी जाऊन तिचे पाय थांबलेच.

आबांनी रोडगा मोडला. भरिताला लावला. तो हात पानावरून उठला, छातीपाशी आला. खिशातून मला त्यांचं काळीज ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आबा, अलगद. कोकरू उचलल्यावानी.

पण घास त्यांच्या तोंडाकडे गेलाच नाही. तो बाजूला वळला. ताकाचा तांब्या घेऊन गिताबाई तिथून चालली होती. आबांनी डाव्या हातानं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि तो घास तिच्या तोंडापुढं धरला.

"आवो!" गिताबाई लाजून चूर झाली. "याड लागलं का? पाव्हणं बघत्यात!"

"बगू दे की," आबा म्हणाले. "वरीसभर तू मला दार लावून भरीवलंस. म्या तुला दार उघडं ठिवून भरीवतो."

पंगतीत कुणी हसलं नाही. गिताबाईनं तोंड उघडलं. घास थरथरत होता, थोडं भरीत तिच्या हनुवटीला लागलं, पण घास पोचला. मग आबांनी दुसरा घास मोडला आणि तो स्वतः खाल्ला. तिसरा खाल्ला. "सुषमा, भरीत आण गं," त्यांनी हाक मारली, "आन् हितंच हुबी ऱ्हा. बघ, जमतंय का मला." सुषमा उभी राहिली आणि तिनं सगळ्यांसमोर सासऱ्यांना पोटभर जेवताना डोळे भरून पाहिलं.

मित्रांनो, मी त्या घरचा फार ऋणी आहे. बाभळीच्या एका फांदीला आणखी काय हवं? हौसरावांनी मला आकार दिला, आण्णांनी एक रंग दिला, सुषमानं मला तीनदा घासलं पण एकदाही टाकलं नाही. आता माझा पिवळा रंग विरळ झाला आहे. आतली बाभूळ दिसू लागली आहे. परवा सुषमानं विचारलं, "मामा, ह्याला नवा रंग देऊ का?" आबा म्हणाले, "नगं. हाय त्यो पुरतुय." दांडा धरायला त्यांना आता डाव्या हाताचा टेकू लागत नाही. जेवायला ते रोज पडवीत बसतात, आणि आतल्या खोलीच्या दाराची कडी गंजली आहे.

तुमच्याही घरात कुणाचा हात थकला असेल. त्याला धरायला काहीतरी द्या, पण माझ्या तिसऱ्या रंगासारखं देऊ नका. थोडं त्याचं त्याला पडू द्या, उचलू द्या. आणि कधी एखादी जुनी वस्तू तुमच्या पायाला लागली, तर पायानं सारू नका. वाका, उजव्या हातानं उचला आणि कपाळाला लावा. ती वस्तू काय म्हणते ते तुम्हाला ऐकू येणार नाही. माझ्यापुरतं सांगतो. अजूनही रोज सकाळी आबांचा एखादा झेल चुकतो, मी घोंगडीच्या कडेला पडतो आणि तो हात मला न्यायला खाली येतो.